खायचा सोडा आणि अळीचं पोट

मागच्या तुरीच्या हंगामात माझे सासरे दोन दिवस अळी होते. शुक्रवारी दुपारी झाले आणि रविवारी दुपारी परत माणसांत आले. यात माझा हात होता हे मी आधीच कबूल करते, कारण घरात ते मला पुरेसं ऐकवून झालेलं आहे.

मी कृषी सहायक आहे. आर्णीच्या आसपासची चार-पाच गावं माझ्याकडे आहेत आणि नशिबाने त्यात सासरचं गावही आहे. दर शुक्रवारी तिथे शेतीशाळा घ्यायची, म्हणजे पंचवीस-तीस शेतकऱ्यांना कुणाच्या बांधावर नाहीतर समाजमंदिराच्या ओट्यावर गोळा करायचं, पिकावर काय पडलंय ते त्यांच्याकडून ऐकायचं आणि त्यावर काय करायचं ते सांगायचं. ऐकतात निम्मे. उरलेले निम्मे चहासाठी येतात, आणि खरं सांगायचं तर चहा बरा असतो.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते शाळेत कायम पहिल्या रांगेत. घरी मात्र माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, त्यांच्या रीतीत सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नसतं, एवढंच. पाणी हवं असलं तर मी दोन हातांवर उभी असतानाही ते सासूबाईंना सांगतात, "तिले पानी आनाले सांग." सासूबाई घरात नसल्या तर दारातल्या म्हशीकडे बघून सांगतात. अकरा वर्षं मी आणि म्हैस मिळून त्यांचं ऐकतोय. शुक्रवारी ओट्यावर मात्र मी सून नसते, सरकारी माणूस असते. तिथे ते हात वर करून खणखणीत आवाजात म्हणतात, "म्याडम, एक इचारू का?" आणि संध्याकाळी घरी आलो की पुन्हा म्हैस.

तूर फुलोऱ्यातून शेंगेत आली होती आणि शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीने डोकं वर काढलं होतं. आमच्या जिल्ह्यात फवारणी म्हटलं की बायका नवऱ्याच्या हातातला पंप हिसकावून घेतात, इतकी धास्ती आहे, आणि ती उगाच नाही, फवारताना विषबाधेने माणसं गेली आहेत. म्हणून मी पाच जणांच्या तुरीवर जिवाणूची पावडर फवारायला लावली. त्या पाचांत मामाजी होते. त्यांनी गुरुवारी ऊन उतरल्यावर फवारलं, आणि शुक्रवारी ही पावडर काम कशी करते ते सांगायला मी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक नमुना करून नेला. दोन पिरॅमिड, बुडाला बूड लावून चिकटवलेले.

मी सांगितलं ते असं. हा जिवाणू मातीत राहतो. बरे दिवस असतात तोवर खातो आणि वाढतो. खाणं संपत आलं की स्वतःचं एक टणक बीज करून दडून बसतो, आणि त्या बीजाशेजारी प्रथिनाचा एक खडा रचून ठेवतो. खडीसाखरेसारखा रेखीव स्फटिक, या पुठ्ठ्याच्या नमुन्याच्या आकाराचा, फक्त इतका बारीक की सुईच्या टोकावर हजारो मावतील. खड्यात प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसलेली असतात, त्यामुळे खडा असेपर्यंत ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्या पोटात गेला तर डाळीतल्या प्रथिनासारखा पचून जातो, कारण आपलं पोट आंबट. अळीचं पोट उलटं, सोड्यासारखं. तिथे पोचला की खडा विरघळतो, प्रथिनं सुटी होतात, आणि अळीचे स्वतःचेच पाचक रस त्यांची टोकं छाटून त्यांना धार लावून देतात. म्हणजे सुरी जिवाणूची, पण पाजळून देते अळीच.

धार लागलेल्या प्रथिनाचे तीन भाग. त्यासाठी मी तिघांना उभं केलं. एकाच्या हातात पोती शिवायचं दाभण दिलं, तो टोचणारा. उरलेले दोघं जागा शोधणारे. अळीच्या आतड्याला आतून ठरावीक खुंट्या असतात. जागा शोधणारे त्या खुंटीला जाऊन अडकतात, मग अशी काही प्रथिनं एकत्र येतात आणि सगळी दाभणं मिळून आतड्याला भोक पाडतात. पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. जागा शोधणाऱ्या दोघांपैकी एकाने विचारलं, मग कपाशीतली बोंडअळी आता काहून मरत नाही? मी म्हटलं, कपाशीत हेच प्रथिन झाड स्वतः बनवतं, तिथे जिवाणूही नाही आणि खडाही नाही, पण खुंटी तीच लागते. बोंडअळीने पिढ्यान्‌पिढ्या मार खाऊन खुंटीच बदलून टाकली. सगळ्यांनी माना डोलावून बोंडअळीला दाद दिली.

"आणि मेलेली अळी लगेच शोधू नका," मी शेवटी म्हटलं. "विष चढलं की पहिली खूण एकच. ती खाणं सोडते. चालते, फिरते, जिवंत दिसते, पण पान तोंडात घेत नाही. मरते दोन-तीन दिवसांनी."

मामाजींचा हात वर गेला.

"म्याडम, मानसाच्या आंबट पोटात सोडा टाकला तं?"

चार वाजत आले होते, चहा उकळत होता, मला घाई होती. मी हसत म्हटलं, "तर मग थोडा वेळ अळीचं पोट!"

सगळे हसले. मीही हसले. मामाजी हसले नाहीत, आणि त्यांनी चहा घेतला नाही, हे मी पाहिलं आणि त्याचा काहीच अर्थ लावला नाही. स्वतःच्या विनोदावर खूश झालेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

मामाजी पंधरा वर्षांपासून दोन्ही जेवणांनंतर चमचाभर खायचा सोडा घेतात. आमच्याकडचं तिखट, वर सरकीचं तेल. छातीत जळजळतं, सोडा घेतला की मोठी ढेकर येते आणि बरं वाटतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्या दिवशी सकाळी शेतात त्यांनी ओंजळभर कच्च्या शेंगा दातांनी सोलून खाल्ल्या होत्या. आदल्या संध्याकाळी फवारलेल्या.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढलं. मामाजींनी ते हाताने दूर सारलं.

"भूक नाई," ते म्हणाले. मग थोडं थांबून, निकाल ऐकवल्यासारखं, "सुरू झालं."

आता त्यांना भूक का नव्हती हे शेंबडं पोरही सांगेल. भीतीने गेली होती. पण भूक नसणं हीच तर पहिली खूण मी स्वतः ओट्यावर उभं राहून सांगितलेली. घाबरल्यामुळे भूक नाही, भूक नाही म्हणून अजून घाबरले. मी स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंना सांगायला लागले: आई, त्यांना सांगा, सोड्याने पोट दोन घटकाही तसं राहत नाही, लगेच पुन्हा आंबट होतं. शिवाय माणसाच्या आतड्याला ती खुंटीच नसते, खडा विरघळला तरी प्रथिन अडकणार कशाला? शिवाय अळीचं पोट सोड्यापेक्षाही कितीतरी जहाल असतं. पाच मिनिटं मी बोलत होते. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ती म्हनते, खा."

"तिले म्हना, शाळेत येगळं सांगते अन् घरी येगळं."

शनिवारी सकाळी भाकरी तशाच परत आल्या. मामाजी बाजेवर उताणे पडून पोटावर हात ठेवून आतली चाहूल घेत होते. पुढचा शुक्रवार सहा दिवस लांब, आणि घरी ते माझ्याशी बोलू शकत नव्हते. मग त्यांनी वाट काढली. शेतीशाळेचा व्हॉट्सअॅप गट आहे, त्यात मी म्याडम आहे. पुढच्या खोलीतून मला त्यांचा आवाज आला, "म्याडम, एक शंका हाय." आणि काही क्षणांनी तोच आवाज माझ्या कमरेला खोचलेल्या फोनमधून पुन्हा आला.

मी पिठाचे हात पुसले आणि लिहून उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा आवाज पाठवला. आमच्या दोघांमध्ये एक भिंत आणि पंचवीस-तीस शेतकरी होते. "खुंटी नाई मानसाले, हे कोनं पाह्यलं? कोन्या सायबानं माहं पोट उघडून पाह्यलं का?" मी लिहिलं, तुमचं नाही, पण माणसांचं आणि जनावरांचं तपासलेलं आहे. त्यावर उत्तर आलं, "बोंडअळीची खुंटी जाऊ शकते, तं मानसाले एखादी येऊ बी शकते." मी तव्यावरची भाकर करपेपर्यंत यावर विचार केला. मला स्वतःला तो खडा दिसलाय तो फक्त प्रशिक्षणातल्या एका फोटोत, काळ्यावर पांढरे चौकोनी ठिपके. बाकी सगळं माझंही ऐकीवच. हे मी गटावर लिहिलं नाही.

तेवढ्यात गटावर दुसऱ्या एकाने विचारलं, "म्याडम, चुन्याचं काय?"

चुना सोड्यापेक्षा जहाल. आणि चुना खर्र्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणात, असतो, आणि खर्रा आमच्या गावात कोण खात नाही हे मोजायला एक हात पुरे. पानठेल्यावर खर्रा घोटणारा दुपारी मला रस्त्यात गाठून म्हणाला, "म्याडम, तुमी आमाले उठवून लावता का?" त्या एका दिवसात गावात जितका खर्रा सुटला तितका कुठल्याही फलकाने सुटला नव्हता. मला बढती मिळायला हवी होती.

घरी मात्र गंमत संपत चालली होती. मामाजींचं वय झालंय, रक्तदाबाची गोळी जेवणावर घ्यायची असते, आणि जेवण नाही म्हणून तीही बंद. शनिवारी संध्याकाळी गोठ्यात जाताना त्यांचा तोल गेला आणि ते दावणीला धरून खाली बसले. मी धावले, पण त्यांनी म्हशीचा आधार घेतला, माझा नाही. माझा नवरा एस.टी.वर चालक आहे, तो लांबच्या फेरीवर होता. त्याने फोनवर आरडाओरडा केला. सासूबाई म्हणाल्या, आर्णीला डॉक्टरकडे नेते. मामाजी म्हणाले, "डाक्टर मानसाचा असते." मी आत जाऊन रडले. माझ्या एका फालतू विनोदापायी हा माणूस बाजेवर उपाशी मरेल आणि शेवटपर्यंत मला एक शब्द बोलणार नाही, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी सासूबाईंना जवळ बसवून हळू आवाजात सांगितलं की हे आता त्यांच्या एकट्याचं राहिलेलं नाही.

"पाह्य," ते म्हणाले, "तूबी परवापासून जेवली नाईस. तिनंबी नाई. म्या बाजेवरून पाहून राह्यलो. ताटं तशीच. सगळ्याइले लागलं."

आमच्या घरात घरधनी जेवल्याशिवाय बायका जेवत नाहीत. आधी मामाजी, नवरा असला तर तो, मग लेकरू, आणि सगळ्यांचं झालं की सासूबाई आणि मी चुलीशी बसतो. मामाजी जेवले नाहीत म्हणून आम्ही जेवलो नव्हतो. माझी सात वर्षांची लेक तेवढी तिन्ही त्रिकाळ खात होती, पण त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: ती तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, तोंडात घेत नाही, म्हणून तिची भूक शाबूत. खोटं कशाला बोलू, मी मधूनमधून डब्यातले शेंगदाणे खात होते, आणि शनिवारी मी डबा उघडायला गेले तेव्हा सासूबाई गुळाचा खडा तोंडात टाकून तिथेच उभ्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही असं ठरवलं.

"अवो, तुमी जेवले नाई म्हनून आमी जेवलो नाई," सासूबाई म्हणाल्या.

मामाजींनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"कायच्यातं काय सांगते. भूक असती तं खाल्लं असतं. भूक लागलेलं मानूस थांबते का?"

मी दारामागे उभी राहून हे ऐकलं. आणि माझं डोकं फिरलं. दोन दिवसांची काळजी, अपराधीपणा, रडू, सगळं एका क्षणात आटलं आणि खाली नुसता राग उरला. हा माणूस आयुष्यात कधी ताटासाठी थांबलेला नाही, म्हणून थांबलेली भूक दिसली तर त्याला तो रोग वाटतो. भूक लागली की खायचं, नाही खाल्लं म्हणजे भूक नाही. अळीचाही हिशेब हाच असतो.

मी परसात गेले. तिथे त्याच फवारलेल्या शेतातून आणलेल्या शेंगांची टोपली होती. ओंजळभर शेंगा उचलल्या, फळीवरची सोड्याची पुडी घेतली, आणि पदर न सावरता सरळ पुढच्या खोलीत जाऊन मामाजींच्या बाजेसमोर मांडी घालून बसले. अकरा वर्षांत त्या खोलीत मी बसले नव्हते. सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मी शेंगा न धुता दातांनी सोलल्या, एकेक करून खाल्ल्या, आणि वर चमचाभर सोडा पाण्यातून घेतला. लगेच ढेकर आली, चांगली लांब, मामाजींच्या तोडीची. मामाजी उठून बसले.

"आई," मी म्हटलं, "मला वाढा."

"आधी तुले?"

"आधी मला. मला भूक लागली आहे. परवापासून लागली आहे."

सासूबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताट केलं. ज्वारीची भाकर आणि सोल्यांची भाजी. मी पहिली भाकर चावलीसुद्धा नाही, गिळली. दुसरीला जरा चव कळली. तिसरीला घाम आला, नाक वाहायला लागलं, ते पदराने पुसलं आणि चौथी मागितली. मामाजी माझ्या हाताकडे, तोंडाकडे, परत हाताकडे बघत होते. मला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्या दिवशी काही वाटलं नाही, भाजी छान झाली होती.

चौथी भाकर सासूबाईंनी माझ्या ताटात टाकली. मग त्या मटकन माझ्या शेजारी बसल्या, त्याच ताटातला अर्धा तुकडा मोडला आणि खायला लागल्या. नवऱ्याकडे पाठ करून, भराभर, मान खाली घालून. मी भाजीचं भांडं दोघींच्या मध्ये ओढलं.

मामाजींना काहीतरी विचारायचं होतं. पण विचारायचं कुणामार्फत? सासूबाईंचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी दाराबाहेर पाहिलं, म्हैस चरायला गेली होती. शेवटी ते भिंतीला म्हणाले, "एवढी भूक होती, तं इतके दिस राह्यल्या कशा?"

आम्ही जेवत राहिलो.

बऱ्याच वेळाने ते बाजेवरून उतरले. आत गेले, भांड्यांचा आवाज आला, कारण ताटं कुठे असतात ते त्यांना माहीत नव्हतं. एक ताट घेऊन ते आमच्यासमोर जमिनीवर बसले. टोपल्यातली एक भाकर स्वतःच्या हाताने काढून घेतली आणि भाजीच्या भांड्यात डाव घातला. डाव तळाला खरखरला.

"संपली?"

"रोज अशीच संपते," सासूबाई घास न थांबवता म्हणाल्या. "आमी तिखटासंगं खातो. तुमीबी खा."

त्यांनी तिखट घेतलं, तेल घेतलं, आणि खाल्लं.